काकूंचं डोंगल काशीला जाऊन आलं

“यात सिम कुठे घालायचं?” मी डोंगल उलटसुलट करून पाहत विचारलं.

“घालायचंच नाही. तिथेच तर सगळे फसतात,” म्हणत काकू कुंपणाच्या आणखी जवळ सरकल्या. म्हणजे गोष्ट लांबणार.

वस्तू अगदी साधी. काळी, पेनड्राइव्हपेक्षा जराशी जाड, एका अंगाला बिजागरीवर फिरणारी बोटभर अँटेना. टोपण काढलं की यूएसबीचं तोंड. अँटेनेच्या खाचेत कुंकवाचा कण अडकलेला, कारण परतीच्या प्रवासात ती प्रसादाच्या पिशवीत बसून आली होती. दिवाळीनंतर आम्हीही सासूबाईंना घेऊन काशीला निघणार, म्हणून आपणही हे घ्यावं का, असं माझ्या मनात होतं. माझी समजूत अशी, की हे लॅपटॉपला लावलं की नेट सुरू. पूर्वी टाटा फोटॉन, आयडिया नेटसेटर मिळायचे ना, त्यातलाच प्रकार.

“अगं, ते वेगळे. त्यांचं स्वतःचं कनेक्शन असायचं, थेट टॉवरशी बोलायचे ते. हे बिचारं फक्त वायफाय जाणतं. आधी कुठून तरी नेट यायला हवं, मग हे ते ओढून आणणार किंवा वाटणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“पण वायफाय तर लॅपटॉपला असतंच की. मग हे दुसरं कशाला?”

“हेच मी भाच्याला विचारलं होतं,” काकू खुलल्या. “आता ऐक.”

काकूंचा लवाजमा मोठा होता. काका, काकू, धाकटे दीर, जाऊबाई, वन्सं आणि पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेला भाचा. नाशिकरोडहून महानगरी पकडली. काशीत उतरायची सोय गोदौलियाकडून दशाश्वमेधाला उतरणाऱ्या एका गल्लीतल्या लॉजवर. घाट पायाखाली, कचोरी-जिलबीचं दुकान खिडकीखाली, सगळं उत्तम. फक्त नेटच्या नावाने शंख.

“वायफायचं खोकं खाली काउंटरवर. जिन्यात उभं राहिलं तर फोनवर सगळ्या काड्या. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिरलं की एकही नाही. भिंती केवढ्या! हातभर दगड. उन्हाळ्यात गार वाटत असेल, पण रेंज आत शिरेल तर शपथ. बरं, शिरली तरी काय? मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका आणि एका खोलीला एकच यंत्र. मालक काउंटरवरून मान वर न करता सांगायचा, ‘एक कमरा, एक डिवाइस.’ आम्ही एका कमऱ्यात सहा माणसं, तेव्हा त्याने सहा गाद्यांचे पैसे बरोबर मोजून घेतले होते!”

“मग?”

“मग भाच्याने बॅगेतून हे काढलं. सोबत एक लांब यूएसबीची वायर. डोंगल वायरच्या टोकाला, वायर लॅपटॉपला आणि डोंगल सोडलं सज्जात, जिन्याच्या बाजूला तोंड करून. तिथे खालच्या खोक्याची रेंज येत होती. म्हणजे लॅपटॉप बसलाय खोलीत, पलंगावर, आणि त्याचा कान बाहेर सज्जात. सज्जातल्या कानाने नेट ऐकायचं आणि लॅपटॉपच्या पोटातलं जे मूळचं वायफाय आहे, त्याने खोलीत सगळ्यांना वाटायचं. मालकाच्या लेखी एकच यंत्र. आत आमचे सहा फोन.”

“एका वायफायने दोन्ही होत नाही?”

“होतं. लॅपटॉपचं एकटं कार्डही नेट घेतं आणि वाटतंही. पण एकाच तोंडाने घोट घ्यायचा आणि त्याच तोंडाने दुसऱ्यालाही पाजायचं म्हटलं तर वेळ लागणारच. वेग निम्म्यावर येतो. शिवाय लॅपटॉप उचलून सज्जात कोण ठेवणार? वायर असली की पाहिजे तिथे नेता येते. मात्र फार लांब नाही हं. साध्या यूएसबी वायरीची मर्यादा पाच मीटर. त्यापुढे मध्ये जोर देणारी वेगळी वायर लागते.”

काकू हे सगळं अशा थाटात सांगत होत्या, की त्यांनी आयुष्यभर भाकऱ्या थापल्या नसून राउटरच बसवलेत असं वाटावं. भाच्याने विंडोजमध्ये ‘मोबाइल हॉटस्पॉट’ नावाचं बटण कुठे असतं ते त्यांना दाखवलं होतं. विंडोज 10 च्या 2016 मधल्या सुधारणेपासून ते लॅपटॉपमध्येच येतं, आधीसारख्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. त्याला आठ यंत्रं जोडता येतात. पण दोन-दोन वायफाय असले की कुठल्याने वाटायचं हे विंडोज स्वतःच्या मनाने ठरवतं, म्हणून भाच्याची बरीच खुडबुड चालली होती.

“आणि एक लक्षात ठेव,” काकूंनी बोट नाचवलं. “डोंगल आणलंस की घरीच लावून बघायचं. काहींना ड्रायव्हर म्हणून एक प्रोग्राम लागतो. तो उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी तर डोंगल! डब्यात सीडी देतात, पण हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला तोंडच नसतं. भाच्याने पुण्यातच सगळं बसवून आणलं होतं, म्हणून निभावलं.”

एवढ्यात पलीकडच्या अंगणातून पाण्याचा आवाज थांबला. तात्या जास्वंदीला पाणी घालत होते. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. वायर, रेंज, ओटीपी असे शब्द कानावर पडल्यावर झाडांकडे लक्ष कसं राहणार?

“काकू, सज्जात ठेवलंत ते? काशीत? आणि माकडं?” तात्यांनी कुंपणावरून मान काढली.

“सज्जाला लोखंडी जाळी होती हो. तिकडे घराघराला असते, अगदी पिंजऱ्यासारखी.”

“जाळी म्हणजे रेंजला अडसर. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. जाळीची भोकं त्याहून पुष्कळ बारीक असली, तर बरीचशी लहर तिथेच परत फिरते.”

“म्हणून तर त्याने अँटेनेचं टोक भोकातून बाहेर काढलं होतं!”

तात्या एक क्षण गप्प झाले, पण तेवढंच. “माकडांची गोष्ट मी उगाच काढली नाही. 2015 साली रॉयटर्सने जगभर बातमी दिली होती. वाराणसीत गंगेच्या काठाने वायफायसाठी ऑप्टिकल फायबर टाकली आणि माकडांनी ती कुरतडून खाल्ली. इंजिनियर हैराण. माकडांना हुसकावावं तर मंदिरं शेजारी आणि भाविकांचा जीव माकडांवर. केबल जमिनीत पुरावी तर त्या गल्ल्यांत खणायला जागा कुठे?”

“बाई गं!” मी म्हटलं. “मग तुमचं डोंगल वाचलं कसं?”

“माकड आलं होतं,” काकू म्हणाल्या. “चांगलं थोराड. जाळीला लटकलं, अँटेनेचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि हात आत घालून जाऊबाईंचा चिवड्याचा पुडा घेऊन गेलं. डोंगलला शिवलंसुद्धा नाही. आमचं नेट माकडाने खाल्लं नाही गं. ते घरच्यांनीच खाल्लं.”

आता खरी गोष्ट आली. इतका वेळ नुसती पूर्वपीठिका होती. तात्यांनीही कान टवकारले.

“पहिल्या रात्री सगळं झकास. सगळ्यांना पासवर्ड दिला. मी आपली मुलाशी दोन शब्द बोलले, यांनी पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी नेट एकदम गोगलगाय. भाच्याने लॅपटॉपवर पाहिलं. तिथे यादीच दिसते, कोण-कोण जोडलंय त्याची. तर आमच्या जाऊबाई! ‘मी काय बाई, दोन गुड मॉर्निंग टाकते’ म्हणायच्या ना? डोक्यावरून पदर घेऊन, भिंतीकडे तोंड करून, राहिलेल्या मालिकेचे भाग बघत पडल्या होत्या. काशीक्षेत्री! आवाज बंद करून!”

“आवाजाशिवाय मालिका?”

“तिला संवाद पाठ आहेत. बरं, तिचं निदान कळलं तरी. भावोजींचं तर त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. दिवसभर त्यांनी घाटाचे, नावेचे, गाईचे, मंदिराच्या शिखराचे फोटो काढलेले. वायफाय सापडलं की त्यांचा फोन ते सगळे आपोआप वर चढवत बसतो. वन्संच्या फोनमध्ये अॅपची अपडेटं. लॅपटॉपचं विंडोजसुद्धा मागच्या दाराने काहीतरी उतरवत होतं. म्हणजे सगळे निवांत झोपलेले आणि पाची बोटांनी नेट खाणं चालू.”

“त्याला उपाय आहे,” तात्या म्हणाले. “त्या कनेक्शनला मीटर्ड करून टाकायचं. लॅपटॉपलाही आणि अँड्रॉइड फोनलाही ती सोय असते. नेट मोजून मिळतंय असं यंत्राला सांगितलं की ते मागचे बरेचसे धंदे बंद करतं.”

“यंत्राला सांगता येतं हो तात्या. जाऊबाईंना कोण सांगणार?” काकूंनी डोळे मिचकावले. “भाच्याने सांगून बघितलं, तर रुसल्या. म्हणे, ‘आम्हाला पासवर्ड दिलात तो काय शोभेला?’ संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. शेवटी वन्संनी मध्यस्थी केली. दुपारी दोन ते चार कुणी व्हिडिओ पाहायचा नाही, भावोजींचे फोटो रात्री, असा कायदाच केला. आणि लॅपटॉपचं झाकण कुणी मिटायचं नाही. मिटलं की तो झोपतो, तो झोपला की सगळी खोली ओरडते. ते सेटिंग मग भाच्याने बदललं. शिवाय थोडा वेळ कुणी जोडलेलं नसलं तर हॉटस्पॉट वीज वाचवायला आपोआप बंद पडतो. सकाळी दर्शनाहून परत आलं की तो पुन्हा चालू करणं माझ्याकडे.”

“दर्शनाला फोन नेता येतो?”

“छे! विश्वनाथाला फोन, लॅपटॉप काहीही नाही. सगळं लॉकरमध्ये. तेवढा वेळ आमच्या घरात कमालीची शांतता होती बघ.”

माझ्या कुकरची शिट्टी झाली. पण आरतीची गोष्ट अजून यायची होती, म्हणून जागची हलले नाही.

“वन्संची लेक न्यू जर्सीला. तिला गंगेची आरती थेट दाखवायची, हे वन्संनी नाशिकहून ठरवूनच नेलेलं. इकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. लेक ऑफिसला जायच्या आधी नवऱ्याला, मुलांना घेऊन फोनसमोर बसणार. आम्ही तासभर आधी जाऊन पायऱ्यांवर जागा धरली. त्या पायऱ्या नानासाहेब पेशव्यांनी 1748 च्या सुमारास बांधवल्या म्हणतात. शेजारी शीतला घाट, त्याला लागून अहिल्याबाईंचा घाट, पुढचा मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांच्या मंत्र्याचा. यांनी मोठ्याने सगळं सांगायला सुरुवात केली, तशी आजूबाजूची चार मराठी माणसं आमच्याभोवती गोळा झाली. एक बाई तर थेट पंचवटीतल्या निघाल्या!”

“आणि आरती?”

“आरतीचं काय वर्णन करू! ओळीने चौथरे मांडलेले, त्यांवर रेशमी वस्त्रातली तरुण मुलं, सगळ्यांच्या हातात एका तालात फिरणारी दीपमाळ. शंख सुरू झाला आणि वन्संनी फोन लावला. भाच्याने आपल्या फोनचा हॉटस्पॉट दिलेला. रेंज पूर्ण, पाचही काड्या. तिकडून लेकीचा आवाज, ‘आई, तुझं नाक दिसतंय, कॅमेरा फिरव.’ वन्संनी फिरवला. तेवढ्यात चित्र जे थिजलं, ते पुढच्या पायरीवरच्या एका गृहस्थाच्या टकलावर. इकडे शंख, घंटा, धूर, गंगा, सगळं चाललंय आणि न्यू जर्सीला अख्खं कुटुंब हात जोडून टक्कल बघतंय!”

मी हसून हसून कुंपणाला धरलं. तात्यांनी मात्र चष्मा वर सारला. खात्याची अब्रू पणाला लागली होती.

“काड्या असणं वेगळं आणि रस्ता मोकळा असणं वेगळं, काकू. काड्या म्हणजे टॉवर तुम्हाला ऐकू येतोय एवढंच. पण त्या एका टॉवरवर त्या वेळी किती हजार फोन? आणि सगळ्यांना बघायचं नाही, पाठवायचंय. वर पाठवायचा रस्ता मुळात अरुंद असतो. तिथे डोंगल लावा, हॉटस्पॉट लावा, नाहीतर आणखी काही. टॉवरच दमला तर वाटणार काय?”

“तेच मी म्हणाले, आडात नाही.”

“बरं, त्याच घाटावर आमच्या बीएसएनएलने वायफाय बसवलं होतं,” तात्या छाती काढून म्हणाले. “फेब्रुवारी 2015. दशाश्वमेध आणि शीतला घाट. रविशंकर प्रसाद तेव्हा दूरसंचार मंत्री. पहिली तीस मिनिटं फुकट, पुढे कूपन.”

“तीस मिनिटं?” मी म्हटलं. “आरतीलाच पाऊण तास लागतो.”

“मग काय करायचं होतं वन्संनी?” काकूंनी विचारलं.

“आरतीचं चित्रण करून ठेवायचं आणि लॉजवर येऊन पाठवायचं. घाटावर नुसता मेसेज टाकायचा. दोन ओळींना जागा लागत नाही, त्या गर्दीतूनही निसटतात.”

“दुसऱ्या दिवशी तसंच केलं. रात्री खोलीतून, या डोंगलवरून, सगळी आरती गेली. पण लेक म्हणाली, ‘आई, ही छान आहे, पण कालचीच लक्षात राहील.’”

काकूंनी डोंगल माझ्या हातातून घेतलं, पदराने पुसलं आणि आवाज खाली आणला. म्हणजे आता गल्लीतल्यांची चहाडी.

“एक सांगायचंच राहिलं. शेजारच्या खोलीतले नवरा-बायको. अगदी गोड बोलणारे. त्यांना वास लागला आमच्याकडे नेट आहे याचा. ‘माताजी, पासवर्ड मिलेगा?’ मी देणारच होते. माणसाला नाही कसं म्हणायचं? भाच्याने हात धरला.”

“बरोबर केलं,” तात्या गंभीर झाले. “काकू, 2008 ची गोष्ट आठवते? अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा मेल आला होता. तो निघाला कुठून? आपल्या नवी मुंबईतून, सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून. त्याला पासवर्डच नव्हता. घरच्या माणसाचा संबंध नसताना पोलीस आधी त्याच्या दारात. त्यानंतर दूरसंचार खात्याने सार्वजनिक वायफायला ओळख पटवणं सक्तीचं केलं. तुम्ही जो ओटीपी टाकता ना, तो त्यासाठी. लॉजमध्ये ओटीपी भाच्याच्या नंबरावर आला. म्हणजे त्या सहा फोनांनी जे केलं, ते सगळं कागदोपत्री भाच्याने केलं.”

“जाऊबाईंच्या मालिकाही?”

“त्यासुद्धा.”

काकूंना हे भलतंच आवडलं. मी मुद्द्यावर आले. “मग आम्ही घ्यावं की नाही?”

“लॅपटॉप नेणार आहेस?”

“नाही. फोनच आहेत आमचे.”

“मग हे घेऊन काय त्याची पूजा करणार? फोनला हे लावून काही उपयोग नाही. तुमच्या फोनला खोलीत रेंज असली तर फोनचा हॉटस्पॉटच पुरे. हे घ्यायचं कुणी? ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, जिथे नेट आहे पण दाराशी अडकलंय आणि खाणारी तोंडं अनेक आहेत, त्याने. साधं हजाराच्या आत मिळतं. घेतलंस तर दोन्ही बँडचं घे. 2.4 वर त्या गल्लीत सगळ्या लॉजांची झुंबड, 5 वर मोकळं, पण भिंत आली की त्याला धाप लागते.”

“आणि बँकेचं काही करायचं असलं तर आपल्या सिमवरून,” तात्यांनी पुरवणी जोडली. “लॉजच्या नेटवरून नाही.”

“तुझ्या सासूबाईंचा मोबाइल तेवढा आधी तपास,” काकू म्हणाल्या. “फोटो आपोआप वर चढवायचं बंद कर. आणि लॉज बघताना कमोड आहे का विचारतेस तसं, वायफाय खोलीत येतं का हेही विचार. ‘आहे’ म्हणतील. कुठे आहे ते विचार.”

मी मान डोलावली. खर्च वाचला होता. पण काकूंचा पाय अजून निघत नव्हता.

“आता खरी काळजी पुढची,” त्या म्हणाल्या. “2027 ला आपल्याकडे सिंहस्थ. चाकांवरचे टॉवर आणतील, काय वाटेल ते करतील, पण पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर दशाश्वमेधासारखीच गत होणार. आणि सगळे नातेवाईक कुठे उतरणार? माझ्याकडे. जाऊबाईंचा आत्ताच फोन येऊन गेला. राहायचं कुठे, जेवायचं काय, हे काही विचारलं नाही. म्हणाल्या, ‘वहिनी, तुमच्याकडे अनलिमिटेड आहे ना?’”

“मग काय सांगितलंत?”

“सांगितलं, बंद केलं म्हणून. तू मात्र तुझा पासवर्ड तिला देऊ नकोस हं. तुझं वायफाय माझ्या स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ येतं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“हेच लावून बघितलं ना, काशीला निघायच्या आधी. खिडकीत धरलं की सगळ्या आळीची नावं उमटतात. तुझं तर तात्यांच्या ओट्यापर्यंत पोचतं, चार काड्या! बरोबर ना हो तात्या?”

गेल्या पावसाळ्यात तात्यांची लाइन बंद होती, तेव्हा दोन दिवसांसाठी म्हणून मीच त्यांना पासवर्ड दिला होता. तात्यांनी घाईने नळ सोडला आणि नुकतंच पाणी घातलेल्या जास्वंदीला पुन्हा पाणी घालू लागले.